कर्म एकाचं, ताप दुसऱ्याला

समजा, खापरखेड्याच्या वीज केंद्राजवळ भाड्याच्या खोलीत राहणारा एक कंत्राटी कामगार तापानं फणफणलाय. आशाताई बोटाला सुई टोचतात, किटवर रक्ताचा थेंब सोडतात. थोड्या वेळानं रेघ उमटते. फाल्सिपॅरम मलेरिया! तीन दिवसांच्या गोळ्यांचं पाकीट मिळतं. दुसऱ्या दिवशी दरदरून घाम येऊन ताप उतरतो. ‘ताई, आता बरं वाटून राहिलं,’ म्हणत गडी उरलेल्या गोळ्या खिडकीत ठेवतो आणि ड्यूटीवर जातो.

अर्धवट औषधानं कच्चे परजीवी मरतात. जनुकाची नक्कल होताना झालेल्या एखाद्या चुकीमुळे चिवट बनलेला मात्र तगतो. डास चावतो आणि ती चिवट संतती शेजारच्या पोराच्या रक्तात उतरते. आता या पोराला औषध लागू पडत नाही. त्यानं काय केलं होतं?

‘करावे तसे भरावे’ इथे अडखळतं. न्यायदर्शनापासून शांकरभाष्यापर्यंत या अडचणीला नाव आहे: अकृताभ्यागम, म्हणजे न केलेल्या कर्माचं फळ पदरी पडणं. तसं घडत असेल तर कर्मसिद्धांतच कोसळतो, म्हणून शास्त्रकार पूर्वजन्माचा आधार घेतात. पोरानं मागच्या जन्मी काही केलं असेल! तर्क चोख आहे. पोराच्या आईसमोर तो उच्चारायला मात्र छाती लागेल.

अशा चिवटपणाचे परिणाम खंड ओलांडतात. क्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाला न जुमानणारा फाल्सिपॅरम 1950 च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर दिसला, 1973 मध्ये आसामात आढळला, पुढे आफ्रिकेत पोचला. तिथल्या परजीवींच्या जनुकांत आशियाची खूण सापडते. आफ्रिकेतल्या मुलांनी कोणाचं कर्म फेडलं?

याच प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला अखिल वैद्य यांचं संशोधन आहे. मुंबई विद्यापीठाची पीएचडी घेऊन ते अमेरिकेत गेले. आधी उंदरांतल्या स्तनकर्करोगाच्या विषाणूवर काम केलं, मग फिलाडेल्फियात मलेरियाकडे वळले. परजीवीच्या मायटोकाँड्रियात त्यांना जेमतेम सहा हजार अक्षरांचा डीएनए सापडला. एवढ्याशा पोथीत प्रथिनांची जनुकं फक्त तीन. ॲटोव्हाक्वोन हे औषध यातल्याच एका जनुकाच्या प्रथिनावर घाव घालतं आणि मायटोकाँड्रियाचा विद्युतदाब ढासळवतं, हे त्यांच्या प्रयोगशाळेनं 1997 मध्ये दाखवलं. दोन वर्षांनी प्रतिकाराची जागाही सापडली: त्याच जनुकातला बदल. हा डीएनए फक्त मादीकडून पुढे जातो, हेही वैद्य आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्येच दाखवलं होतं.

खरी गंमत पुढे आहे. एकटं दिलं तर ॲटोव्हाक्वोनला परजीवी फार लवकर दाद देईनासे होतात. म्हणजे औषध बाद व्हायला हवं. पण 2016 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी उंदरांच्या मलेरियावर प्रयोग करून दाखवलं, की हा बदल झालेला परजीवी रक्तात तगतो, डासाच्या पोटात मात्र त्याची वाढ खुंटते. मायटोकाँड्रिया लंगडा झालेला असतो आणि डासातल्या मुक्कामात तोच कामाचा. 2023 मध्ये माणसाच्या फाल्सिपॅरममध्येही हेच आढळलं. म्हणजे इथे कर्माचा हिशेब त्याच देहात चुकता होतो! शास्त्रकारांना हवा होता तसा.

जीवशास्त्राला हेतू नसतो, त्यामुळे या न्यायाला न्याय म्हणणंही आपलीच हौस. क्लोरोक्विनचा प्रतिकार पसरतो आणि ॲटोव्हाक्वोनचा अडकतो, यात पापपुण्य कुठलं? फरक एवढाच, की कोणत्या प्रथिनाला इजा झाली.

खापरखेड्याहून नागपूर जवळच. तिथे 14 ऑक्टोबर 1956 रोजी धम्मदीक्षा देणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये कर्माचा वेगळा अर्थ लावला. कर्मनियम व्यक्तीच्या नशिबाचा खुलासा करत नाही. त्याचा संबंध विश्वातल्या नैतिक व्यवस्थेशी आहे. मलेरियापुढे हा अर्थ जास्त टिकतो. खिडकीतल्या गोळ्यांचं फळ कुणा एकाच्या खात्यावर जमा होत नाही, सगळी वस्ती भोगते. आणि गडी ड्यूटीवर का गेला, तर रोजी बुडू नये म्हणून. मग कर्म त्याचं, की सुट्टी न देणाऱ्या व्यवस्थेचं?

ॲटोव्हाक्वोन प्रोग्वानिल या जोडीच्या औषधासोबत परदेशी प्रवाशांच्या बॅगेत असतं. महाग आहे. आशाताईंच्या पिशवीत ते नसतं.