मागणे आणि हक्क

कोलकात्यात शहीद मिनारपाशी पश्चिम बंगालचे सरकारी कर्मचारी २०२३च्या जानेवारीत धरण्याला बसले. मागणी एकच ठळक: केंद्राच्या दराने महागाई भत्ता आणि थकबाकी. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१८मध्ये हा भत्ता कायदेशीर हक्क मानला होता, २०२२मध्ये पुन्हा मानला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ मे २०२५ला अंतरिम आदेश आला: थकबाकीचा २५ टक्के भाग द्या.

मी अडतो तो वेगळ्याच जागी. २००३मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सरकारी नोकराला संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिकही हक्क नाही. पहिल्या दोन शब्दांवर न्यायालयाचा अधिकार कळतो. तिसऱ्यावर तो कुठून आला? संपात हाल होतात ते मंत्र्यांचे नव्हेत, इस्पितळाच्या रांगेतल्या माणसाचे, हे खरेच. महाराष्ट्रात मार्च २०२३च्या जुन्या पेन्शनच्या संपात आपणही ते पाहिले. पण ज्याला संप करू नको म्हणायचे, त्याच्याशी बोलायला बसण्याचे बंधन सरकारवर नको का? ते नसेल तर उरते फक्त कोर्ट, आणि तिथे हक्क सिद्ध होईतो माणूस निवृत्त होतो.

एक गोष्ट मात्र टोचते. मैदानात चहा विकणाऱ्याला कसलाच भत्ता नाही, आणि त्याच बाजारातून तोही दूध-साखर घेतो. त्याच्याकडे काही नाही म्हणून यांचा हक्क खोटा ठरत नाही. पण त्याने विचारलेच, तर धरण्यावरच्या माणसाने काय सांगावे?