भवानीची वेळ

हनोईच्या जुन्या भागात पुष्कळ रस्त्यांची नावं ‘हांग’ या शब्दाने सुरू होतात. हांग म्हणजे माल. हांग बाक हा चांदीच्या मालाचा रस्ता, हांग दुओंग साखरेचा, हांग मा पूर्वजांसाठी जाळायच्या कागदी वस्तूंचा. पुण्याच्या तांबट आळीसारखाच हा प्रकार. अशा रस्त्यांवरून हिंडताना आपण परदेशात आहोत असं मला फारसं वाटत नव्हतं, आणि माझी चूक बहुधा तिथेच सुरू झाली.

ऑगस्ट महिना होता. रात्री पाऊस पडून गेला होता. सकाळी साडेसातच्या सुमारास नवरा आणि मी डोंग सुआन बाजाराच्या मागच्या गल्लीत शिरलो. फुटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून लोक फो खात होते. पुढे एक बाई कावडीच्या दोन टोपल्या खाली ठेवून नुकतीच बसली होती. दोन्ही टोपल्यांत सीताफळं होती. आपल्याकडच्यासारखीच, डोळे उघडलेली, भुरकट हिरवी.

मी खाली बसले. दोन-चार फळं उचलून दाबून पाहिली. तिने कॅल्क्युलेटर पुढे केला, त्यावर 90. म्हणजे किलोला 90 हजार डोंग. मी 40 दाबलं. ती हसली आणि 80 दाबलं. मग 45, 70, 50 असं करत ती 60 वर आली आणि तिथेच थांबली. मी 50 वर अडून राहिले. मग पाठ वळवून चालायला लागले, कारण पाठ वळवली की हाक येते हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. हाक आली नाही. आमच्यात अडलं होतं ते 10 हजार डोंगांवर. आपल्या हिशेबाने जेमतेम 35 रुपये.

वळून पाहिलं, तर तिने कागदाचा एक कपटा पेटवला होता. तो जळता कागद ती टोपल्यांवरून आणि मी बसले होते त्या जागेवरून ओवाळत होती. मला वाटलं, माश्या हाकलत असेल.

संध्याकाळी मुक्कामाच्या जागी काउंटरवरच्या मुलाला सहज विचारलं. त्याने आधी सांगायचं टाळलं, मग संकोचून सांगितलं. दिवसाच्या पहिल्या विक्रीला व्हिएतनामीत ‘मो हांग’ म्हणतात, म्हणजे माल उघडणं. पहिलं गिऱ्हाईक जसं वागेल तसा दिवस जातो अशी समजूत आहे. कुणाचा पायगुण हलका असतो, कुणाचा जड. पहिलंच गिऱ्हाईक घासाघीस करून काही न घेता गेलं, तर त्याची छाया घालवायला कागद जाळतात. शेवटी त्याने विचारलं, ‘‘सकाळी लवकर गेला होतात का?’’

मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. ‘मो हांग’ला मराठीत शब्द आहे आणि तो मला अक्षरओळखीच्याही आधीपासून येतो. भवानी.

फलटणला आमचं कापडाचं दुकान होतं. अण्णा सकाळी दारात पाणी शिंपडून, उदबत्ती लावून, गल्ल्याला हात जोडून बसायचे. भवानी होईपर्यंत उधारी नाही, घरातल्या कुणी पैसे मागायचे नाहीत, आणि आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. वेळ पडली तर खरेदीच्या भावात अस्तराचं कापड द्यायचे. आलेली नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकायचे. कुणी दहा तागे उलगडायला लावून सकाळीच निघून गेलं, तर अण्णा काही बोलत नसत. पण त्या दिवशी जेवायला बसले की ताटाकडे बघत जेवायचे. म्हणजे त्या गल्लीत मी केलं ते अज्ञानातून झालं, ही पळवाट मला नव्हती. मी काउंटरच्या त्या बाजूला वाढलेली मुलगी आहे. फक्त परदेशात ती बाजू असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

नवऱ्याने माझी बाजू घेतली. ‘‘अगं, गोरागोमटा असो की आपल्यासारखा, बाहेरचा दिसला की भाव वाढवूनच सांगतात. आपण फसवून घ्यायचं का?’’ त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण बाहेरच्याला वेगळा भाव आपणही लावतो. ताजमहालाच्या तिकिटाला भारतीयाला 50 रुपये पडतात आणि परदेशी माणसाला 1100. तिथे खिडकीशी घासाघीस चालत नाही, म्हणून त्याला धोरण म्हणतात. टोपलीवाल्या बाईने तेच केलं की ती लबाडी ठरते. शिवाय तिच्या भावात मला ‘नाही’ म्हणायची सोय तरी होती.

मग घासाघीसच वाईट का? असं मानणारे लोक होऊन गेले आहेत. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी भाव करणं सोडलं. जी किंमत मिळावी अशी आपलीच अपेक्षा नाही ती सांगणं म्हणजे खोटं बोलणं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच शतकात, 1673 साली, मित्सुई ताकातोशी याने एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, एचिगोया हे कापडाचं दुकान काढलं. रोख पैसे आणि सगळ्यांना एकच भाव या पद्धतीने ते नावारूपाला आलं. चिठ्ठीवरचा भाव माणसामाणसात फरक करत नाही, ही मोठीच गोष्ट आहे. ज्याला बोलता येत नाही, भांडता येत नाही, त्याला तिथे न्याय मिळतो.

पण अण्णांना हे सगळं सांगितलं असतं तर ते हसले असते. मुकाट्याने पैसे टाकून जाणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. ‘‘त्याला कापड कळत नाही, नाहीतर तो परत येणार नाही,’’ म्हणायचे. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजाराचा अभ्यास करून 1978 साली जे लिहिलं, ते याच्या जवळ जातं. बाजारात खात्रीची माहिती दुर्मीळ असते. माल कसा आहे, खरा भाव काय, हे कुणालाच पुरतं ठाऊक नसतं. घासाघीस ही ती माहिती काढण्याची रीत असते. आणि म्हणून माणसं पुन्हा पुन्हा त्याच दुकानदाराकडे जातात. अण्णांच्या दुकानात भाव करणारी बाई दिवाळीला परत येणार असायची, मुलीच्या लग्नाचा बस्ता आमच्याकडेच बांधणार असायची. आज दोन रुपये सुटले तरी पुढे कुठेतरी ते भरून निघायचे. तिची घासाघीस एका लांबलचक व्यवहाराचा तुकडा होती.

प्रवाशाला हे ‘पुढे’ नसतं. तो भाषा बाजारची बोलतो, पण उद्या विमानात बसणार असतो. त्यामुळे पाठ वळवणं हे हत्यार त्याच्या हातात फार जड होतं. फलटणमध्ये गिऱ्हाईक पाठ वळवायचं तेव्हा त्यालाही काही घालवायचं असायचं, कारण लग्नाला कापड तर लागणारच होतं. हनोईत मला सीताफळ नाही मिळालं तर काय बिघडणार होतं? मी पुढच्या कोपऱ्यावर बसून अंडं घातलेली कॉफी प्याले, आणि तिची किंमत न विचारता दिली.

यातून मला जे कळलं ते छोटंच आहे. भाव कमी मागितला हा माझा गुन्हा नव्हता. 60 ला घेतली असती काय किंवा तिने 50 ला दिली असती काय, दोन्ही ठीक होतं. ती बाई दुबळी म्हणून तिने सांगितलं ते देऊन टाकायचं, हीसुद्धा एक प्रकारची भीक घालण्याची मिजास आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. तिने 50 ला ‘हो’ म्हटलं असतं तर मी नक्की घेतली असती का? खरं सांगायचं तर मला माहीत नाही. मला बाजार बाजार खेळायचा होता. क्वेकर दुकानदाराला जे खोटं वाटायचं तेच मी उलट्या बाजूने बोलत होते. ज्या किमतीला घ्यायचा निश्चय नाही ती किंमत मी पुढे करत होते. कॅल्क्युलेटरवर दाबलेला आकडा हा शब्द असतो. तो मी दिला आणि माझा शब्द होता हे मलाच ठाऊक नव्हतं.

पायगुणावर माझा विश्वास नाही. पण तिचा होता, आणि दिवस तिला काढायचा होता. उन्हात कावड खांद्यावर घेऊन, आज काही खरं नाही, असं मनात धरून ती फिरली असेल तर ते नुकसान खरंच आहे. ज्या समजुतीतून ते झालं ती मला पटो न पटो.

रात्री अण्णांना फोन केला. दुकान बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. फोटो पाठवले होते ते त्यांनी पाहिले होते. सीताफळांचा किस्सा मी हसत हसत सांगायला घेतला. वाटलं होतं, ते भाव विचारतील. त्यांनी विचारलं, ‘‘किती वाजता गेली होतीस?’’

‘‘साडेसात.’’

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘एक तरी घ्यायचं होतंस.’’

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दहानंतर त्या गल्लीत गेले. कुणाची तरी भवानी होऊन गेलेली असावी म्हणून. ती तिथे होती, एक टोपली अर्धी झाली होती. तिने कॅल्क्युलेटर काढला आणि 80 दाबलं. मी 60 दाबलं. ती 70 वर आली आणि मी पैसे काढले. तिने मला ओळखलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मीही विचारलं नाही.