दुसऱ्याच्या देवापाशी

जुन्या गोव्यात साधारण दर दहा वर्षांनी संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष बॉम जेझू बॅसिलिकेतून से कॅथेड्रलमध्ये नेले जातात. मागचा सोहळा 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झाला. अशा यात्रेत नवस बोलणारे असतात, फेडणारे असतात. अभ्याससहलीवर आलेली परप्रांतातली मुलेही असतात. त्यांनी काही मागितलेले नसते. ती नुसती पाहायला आलेली असतात.

मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना, सुरू होते. कधी उठायचे, कधी गुडघे टेकायचे, मुलांना ठाऊक नसते. ती शेजारच्या म्हातारीकडे पाहतात. भक्ती अशीच शिकली जाते. म्हातारीही लहानपणी कोणाकडे तरी पाहूनच शिकलेली असते.

स्पेनमध्ये सांतियागोच्या कॅथेड्रलात यात्रेकरूंसाठी रोज मिस्सा असते. शेकडो किलोमीटर चालून आलेला आणि बसने आलेला एकाच बाकावर बसतात. शब्द दोघांच्या कानी सारखेच पडतात. पण पोचणे म्हणजे काय, हे पायांना आधी कळते.

गोव्यातल्या त्या मिस्सेत एकमेकांना शांती देण्याची एक वेळ येते. अनोळखी माणूस वळतो आणि हात जोडतो. हात जोडणे मुलांना येते. तेवढ्याने परकेपणा संपत नाही. त्याची भीती मात्र जाते.

मग ख्रिस्तप्रसादाची रांग पुढे सरकते. ख्रिस्ती नसलेला बाकावरच राहतो. मला असे बसून राहिल्याचे अजून आठवते. त्यात अपमान नव्हता.

असे बाजूला राहणे गावच्या पालखीतही असते. पोलादपूरच्या डोंगरात, कुडपणसारख्या गावी, पालखीचे मान ठरलेले असतात. पाहुणा बाजूला उभा राहतो. पाहुण्याने आपणहून बाजूला राहणे ही रीत आहे. गावच्याच माणसाला बाजूला ठेवणे हा अन्याय आहे. दोन्ही ठिकाणी अंतर तेवढेच दिसते.

सगळे देव एकच, असे म्हणून माणसे लवकर मोकळी होतात. मग पाहायचे काही उरत नाही. वेगळेपण मान्य करणाऱ्याला थांबावे लागते, पाहावे लागते. आदराला वेळ लागतो तो इथे.

सहलीहून परतलेल्या मुलासमोर गावची पालखी पुन्हा येते. पालखी तीच असते. या वेळी तिच्यापासून दूर उभा असलेला माणूसही त्याला दिसतो.