पाय न तपासता ऑपरेशनची तारीख!

हा केसपेपर तूच लिहिलास ना? मग सगळ्यांना ऐकू जाईल असा वाच. 'उजवी टाच दुखते, सहा आठवडे. एक्स-रेत हाड वाढलेलं. सल्ला : दुर्बिणीतून शस्त्रक्रिया.' संपलं? पायाला हात लावल्याची एक तरी ओळ आहे का यात?

मी मघाशी या पेशंटबाईंशी बोललो. पोळीभाजी केंद्रात पहाटेपासून फरशीवर अनवाणी उभ्या असतात. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की डोळ्यांत पाणी येतं, म्हणाल्या. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ढकललं, येईना. गुडघा वाकवला, अलगद आलं. म्हणजे पोटरी आखडली आहे. अर्धं मिनिट लागतं याला. तेवढंही तुला जड झालं?

आणि हाड, हाड काय करतोस? न दुखणाऱ्या कितीतरी टाचांतही ते दिसतं! दुखणं आहे तळव्याच्या पट्ट्यात, प्लँटर फॅशियात. दुर्बिणीतून आपण तो पट्टा सोडवतो, तोही आतल्या बाजूचा, अर्ध्याच्या आत. जास्त कापलास तर कमान खचते, पावलाची बाहेरची कड ठणकायला लागते. जवळूनच बॅक्स्टरची नस जाते, तिला धक्का लागला तर वेगळंच दुखणं मागे लागतं. टाके एक-दोनच पडतात म्हणून पेशंटला 'किरकोळ आहे' सांगायचं, हे माझ्या युनिटमध्ये चालणार नाही.

ऑपरेशनला माझा विरोध नाही. सहा महिने ते वर्षभर नेटानं उपचार करूनही जी टाच हटत नाही, तिथे मी स्वतः करतो. पण शंभरातल्या नव्वदांच्या आसपास लोकांवर ती वेळच येत नाही. मागच्या आठवड्यात तू कुणाला तरी टाचेत पुन्हा स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायला निघाला होतास, तेही ऐकलंय. वारंवार टोचलंस तर पट्टा तुटू शकतो, टाचेखालची चरबी झिजते.

जा, बाई अजून बाहेर बाकावर आहेत. झोपेतून उठल्यावर पाय जमिनीला लावण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, बोटं नडगीकडे ओढायची, दहा आकडे मोजायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पट्टा ताणला जातोय का, ते त्यांना दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चाचपू दे. भिंतीला हात टेकून पोटरीचा ताणही शिकव, कामावर मऊ चप्पल घालायला सांग. नुसतं तोंडानं सांगून परत येऊ नकोस, त्यांच्याकडून करून घे. मग ही तारीख खोड, खाली सही कर आणि सहा आठवड्यांनी त्यांना बोलाव. त्या दिवशी पाय तूच तपासायचा, माझ्यासमोर.