पायाशी चार, अंगणात एक

मरोळ गावठाणातल्या आमच्या अंगणात शेजाऱ्यांचा कुत्रा रोज घुसायचा. गेल्या दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी त्याने औदुंबराचं रोप उकरलं आणि मी काठी उगारली. दुसऱ्या दिवशी देवापुढे हात जोडले, तर पायाशी चार श्वान! त्यांना आपण चार वेद म्हणतो, दारातल्याला मात्र हाड-हाड. भागवतातल्या २४ गुरूंत कबूतर आहे, अजगर आहे, कुत्रा नाही. म्हणजे मला सूट? मन अशी पळवाट काढतंच.

रोपही जगायला हवंच की. पण कुंपण कुत्र्याला कळत नाही, त्याच्या मालकाला कळतं. मग काठी मुक्या जिवावर का? शेजाऱ्यांशी बोलायचं जिवावर येत होतं, हे खरं कारण. प्रसाद घेऊन गेलो, बोललो. जाळी दोघांनी मिळून लावली. तरी तो अधूनमधून येतोच.