दया कुठवर?

बाळंतपण दोन-तीन दिवस अडलं की बाळाच्या डोक्याचा दाब मूत्राशय आणि योनिमार्गामधल्या पडद्यावर येतो. रक्तपुरवठा तुटून तिथं छिद्र पडतं, लघवी अखंड गळत राहते. बाळ बहुतेकदा दगावतं. हाच फिस्टुला.

इथिओपियात अशा कित्येक बायकांना नवऱ्यांनी टाकलं. हा देवाचा शाप, असं त्या बायकांनाही वाटू लागलं.

कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅमलिन या श्रद्धाळू ख्रिस्ती डॉक्टर दाम्पत्यानं १९७४ मध्ये अदिस अबाबात या बायकांसाठी रुग्णालय उभारलं. त्यांच्या धर्मग्रंथात, मार्कच्या शुभवर्तमानात, अशाच एका बाईची गोष्ट आहे: बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेली, म्हणून अशुद्ध ठरलेली बाई येशूच्या वस्त्राला हात लावते. तो तिला ‘मुली’ म्हणतो. ती नुसती बरी होत नाही, चारचौघांत परतते.

पण परतायचं कशाच्या बळावर?

मामितू गाशे १९६२ मध्ये, रुग्णालय उभं राहण्याआधीच, हॅमलिन दाम्पत्याकडे फिस्टुलाच्या रुग्ण म्हणून आल्या, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आधी खाटा आवरणं, मग शस्त्रक्रियेत मदत, आणि पुढे स्वतः फिस्टुला टाके घालून बुजवणं. त्यांनी डॉक्टरांनाही शिकवलं. रुग्णालयाच्याच शहराबाहेरच्या देस्ता मेंदेर या केंद्रात दीर्घ उपचार लागणाऱ्या बायकांना कमाईची कौशल्यं शिकवली जातात. दानाच्या हिशेबात या शिकवण्याचा खर्च शस्त्रक्रियेच्याच रकान्यात मांडायला हवा.