भांड्याचा हेतू

जुन्नरहून नाणेघाटात गेलेल्या माणसाला घाटाच्या माथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण दिसतो. सातवाहनांच्या काळी घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात पडत असे, असे परंपरा सांगते. राज्यसत्ता आणि भांडे यांचे नाते किती जुने आहे, हे त्या रिकाम्या रांजणाकडे पाहिले की ध्यानात येते. एरवी आपल्या घरातल्या वस्तूंशी सरकारला फारसे कर्तव्य नसते. बाज कशी विणली, चूल कुठे मांडली, हे कोणी विचारीत नाही. मात्र एखाद्या भांड्यात काही आंबू लागले, की सरकारच्या नाकाला त्याचा वास लागतो.

दिवाळीच्या फराळाशेजारी हा विषय काढल्याबद्दल एखादी गृहिणी कपाळाला आठी घालील. तिने थोडा धीर धरावा. तिच्या बाजूचे म्हणणे पुढे यायचे आहे.

माझा एक जुना विद्यार्थी, घोड नदीकाठचा, अमेरिकेत इंजिनीयर आहे. सुटीच्या दिवसांत खपून त्याने धान्यापासून बिअर करण्याची सारी सामग्री स्वतःच्या हाताने तयार केली आणि तिचे सविस्तर वर्णन मला लिहून पाठवले. सहलीला बर्फ न्यायची जाड भिंतींची पेटी घेऊन तिच्या तळाशी त्याने तांब्याची नळी बसवली. नळीला करवतीने बारीक बारीक चिरा पाडल्या आणि तिचे तोंड पेटीबाहेर काढून तोटी लावली. पेटीत मोड आणून वाळवलेल्या जवाचा भरडा आणि कढत पाणी घालायचे. पासष्ट ते सदुसष्ट अंशांची ऊब तासभर टिकली, की दाण्यातल्या पिठाची साखर होते. पाणी फार तापले, तर हा पालट घडवणारे द्रव्यच नष्ट होते. म्हणून तर ऊब धरून ठेवणारी पेटी. मग तोटी सोडायची. चोथा वर राहतो, चिरांतून गोड पाणी झिरपते. ते मोठ्या पातेल्यात हॉप नावाच्या वेलीच्या कडू फुलांबरोबर तासभर उकळायचे, तांब्याच्या नळीचे वेटोळे त्यात सोडून आतून गार पाणी खेळवायचे आणि ते झटपट निववायचे. शेवटी यीस्ट घालून झाकून ठेवायचे. पाच किलो धान्याची सुमारे वीस लिटर बिअर होते. हे सगळे तयार विकत मिळते, असेही त्याने लिहिले होते. पण चिरा आपल्या हाताने पाडल्या, की तोटीतून पहिली धार येताना जे वाटते ते विकत मिळत नाही.

त्याची आई त्या सुमारास त्याच्याकडे गेली होती. मोड आलेले जव पाहून ती हरखली. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून किंचित भाजायची आणि दळायची; याच सत्त्वावर तिने हा मुलगा वाढवला होता. अर्धी वाट दोघांची एकच. पुढे त्या गोड पाण्याचे काय होणार, हे कळल्यावर मात्र ती म्हणाली, "म्हंजे शिकूनसवरून भट्टीच लावलीस की रे!"

"सर, आईला तुम्ही समजावा," असे त्याने पत्राच्या शेवटी लिहिले होते. भट्टीत दारू गाळतात, मी काही गाळीत नाही, नुसते आंबवतो. विकत तर मुळीच नाही, असा त्याचा युक्तिवाद होता.

गाळणे आणि आंबवणे यांत फरक आहे, हे खरे. पण त्याच्या बोलण्यात दुसराही एक फरक लपलेला होता. नाणेघाट उतरून मुरबाडकडे गेले, की मोहाची झाडे लागतात. त्यांची फुले आंबवून, गाळून आदिवासी माणूस मातीच्या मडक्यांनी आणि एका नळीने जे करतो, ती हातभट्टी. इंजिनीयर तांब्याच्या नळीने जे करतो, तो छंद. एकाच्या दारात पोलीस जातो, दुसऱ्याच्या घरी मित्र जमतात. नळीची किंमत वाढली, म्हणून कृत्याचे नाव बदलावे काय?

इंग्रजांनाही मोहाच्या मडक्यात पाप दिसले नव्हते. महसूल दिसला होता. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा 1878 सालचा. पुढे 1892 साली त्यांनी ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुले घरात बाळगण्यावरही निर्बंध घातले. झाडावरून आपोआप गळणारे फूल; ते वेचून ठेवणे हाही संशयाचा विषय झाला! महाराष्ट्रात त्या फुलांवरचे निर्बंध उठायला 2021 साल उजाडले. त्याच्या कितीतरी आधी, 1980 नंतरच्या दशकात, आमच्या नारायणगावाजवळ फ्रेंच पद्धतीची फसफसणारी द्राक्षमदिरा होऊ लागली होती आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी जात होती. 2001 साली तर द्राक्षमदिरेला उत्तेजन देणारे धोरणच राज्य सरकारने जाहीर केले. द्राक्ष तेवढे कुलीन आणि मोह मात्र हीन, हे निसर्गाने ठरवलेले नाही.

इथवर मी विद्यार्थ्याच्याच बाजूचा वाटेन. घरच्या कढईत समुद्राचे पाणी आटवले, तर तो गुन्हा ठरवणारा कायदा 1930 साली विलेपार्ल्याला आणि शिरोड्याला लोकांनी मोडलाच ना? पण त्याच चळवळीतली माणसे दारूच्या गुत्त्यांपुढे निरोधनही करीत होती, हे विसरता येत नाही. मिठाची कढई त्यांना निष्पाप वाटली, दारूचे पिंप वाटले नाही. दोन्हींवर सरकारचा कर होता. तेव्हा त्यांचे माप कराचे नव्हते. त्या पदार्थाने पुढे कोणाचे काय होते, हे ते पाहत होते.

1949 सालचा दारूबंदी कायदा, पुढे पुष्कळ सैल होऊनही, महाराष्ट्रात आजही आहे. परवान्यावाचून मादक पेय करणे तर त्यात गुन्हा आहेच. पण ते करण्याच्या हेतूने भांडीकुंडी, साहित्य जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. म्हणजे मोड आलेल्या धान्याचे तेच पातेले नाचणीच्या सत्त्वासाठी असले तर निर्दोष आणि बिअरसाठी असले तर सदोष. भांड्याला हेतू नसतो, तो माणसाला असतो, आणि कायद्याला तो भांड्यावरून वाचावा लागतो. हे काम अवघड आहे खरे, पण मूर्खपणाचे नाही.

2015 साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. ते मिथेनॉलचे विष होते. ते विकणाऱ्याचे तोंड आणि पिणाऱ्याचे तोंड निराळे होते. ज्या मडक्यातून करणारा स्वतः पिणार, त्यात तो जाणूनबुजून विष कालवील हे संभवत नाही. करणारा आणि पिणारा यांच्यामधले अंतर वाढत गेले, की मध्ये पैसा शिरतो आणि पैशाला घोट घ्यावा लागत नाही. स्वतःचे भांडे स्वतः घडवणाऱ्याच्या बाजूने एवढे नक्कीच म्हणता येते.

पण आईची शंका विषाची नव्हतीच. आपल्या खेड्यांतून कितीतरी बायकांनी मतदान घडवून आडवी बाटली निवडली आणि परवान्याची दुकाने बंद पाडली. त्या दुकानांतली दारू कर भरलेली, कायदेशीर, बहुधा शुद्धही होती. तरी घर बुडायचे ते बुडतच होते. आता दुकानच घरात आले, तर बाटली आडवी कोणी करायची? जो पितो त्याच्याच हातात तोटी. जी पीत नाही, तिला तिथे मत नाही. दुकानाला निदान बंद होण्याची वेळ असते. मुलगा म्हणतो, मी आठवड्याला दोनच पेले घेतो. असेलही, मुलगा गुणी आहे. पण हा हिशेब ठेवणाराही तोच.

कायदा इथे कामास येत नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने 1978 साली घरच्या बिअरला मोकळीक दिली, तेव्हा विक्रीला बंदी ठेवून वर्षाला एका प्रौढ माणसामागे शंभर गॅलनांची मर्यादा घातली. म्हणजे सुमारे 378 लिटर. दिवसाला लिटरभराहून अधिकच. ही मर्यादा करवसुलीसाठी ठीक असेल, पण कोणत्याही आईला ती मर्यादा वाटणार नाही.

आईला समजावण्याचे काम मी पत्करले नाही. तिला नेमके काय खुपते ते तिलाच विचार, असे मी त्याला कळवले. त्याने विचारले. पेटीबद्दल, नळीबद्दल ती काही बोलली नाही. पोराच्या हातच्या कामाचे तिला कौतुकच होते म्हणे. ती एवढेच म्हणाली, "घरात पिणारा तू एकटा. मग पातेलं येवढं मोठं कशाला केलंस?"

तिला काय सांगू, असे त्याने मला विचारले आहे. मी उलट टपाली त्याच्याकडे पातेल्याचे माप मागितले. ते अजून आलेले नाही.